‘नको’ म्हणायचा तास

शहराच्या जुन्या भागातून, चामराजपेटहून, दोन बस बदलून मी एचएसआर लेआउटला कराटे शिकवायला जाते. तिथल्या एका मोठ्या अपार्टमेंटच्या क्लबहाउसात शनिवारी संध्याकाळी माझा वर्ग भरतो. येणाऱ्या प्रत्येक आईबापाला मुलात कॉन्फिडन्स हवा असतो. पोहणं, चेस आणि कॉन्फिडन्स, सगळं एका वर्षात. पूर्वी मला याचं हसू यायचं. आता तेही येत नाही.

गेल्या वर्षी पुण्याहून आलेल्या एका घरातली सात वर्षांची मुलगी माझ्याकडे आली. लाथ छान मारायची, पण ओरडायची वेळ आली की गप्प. कराटेत ठोसा मारताना पोटातून आवाज काढावा लागतो, त्याला किआय म्हणतात. तो नसेल तर ठोसा म्हणजे नुसते हातवारे. बाकीची पोरं क्लबहाउस डोक्यावर घ्यायची आणि ही आपल्या पायांकडे बघत उभी.

शेवटी इकडे लहान पोरींना मारतात तशी हाक मारून मी म्हटलं, “पुट्टी, किआय राहू दे. तुला अजिबात न आवडणारी गोष्ट समोर आहे असं समज, आणि स्वल्प जोरात ‘नको’ म्हण.”

पावसाळाभर काही झालं नाही. मग एका शनिवारी माझ्या हातातल्या पॅडवर तिचा ठोसा बसला आणि तोंडून असा काही ‘नको!’ निघाला की मीच मागे सरले. स्वतःचा आवाज ऐकून तिलाच हसू फुटलं. त्या दिवशी परतताना बसमध्ये मी एकटीच हसत होते. इतकी वर्षं या कामात घालवल्याचं सार्थक झालं, असं मला खरंच वाटलं.

पुढच्याच आठवड्यात तिची आई तिला घेऊन वर्गाच्या आधी आली.

“मॅम, प्रॉब्लेम झालाय. ह्यांचे बॉस जेवायला आले होते. त्यांनी लाडाने हिला जवळ ओढलं, गाल ओढले. ते नेहमीच ओढतात. तर ही एवढ्या जोरात ‘नको’ ओरडली! इतकं ऑकवर्ड झालं. सॉरी म्हणेना. शेवटी रडत रडत म्हणाली. तुम्हीच समजवा ना, तुमचं ऐकते. ओरडायचं ते क्लासमध्ये, घरी नाही.”

“अहो ताई, तिने बरोबर केलं. चुकलीस असं मी तिला सांगणार नाही.”

“तुम्हाला बोलायला सोपं आहे. सगळीकडे लेऑफ चाललेत. ह्यांची नोकरी त्यांच्या हातात आहे.”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिचा संताप आला आणि कीवही आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला. शेजारी उभ्या मुलीला मी म्हटलं, “पुट्टी, तू चुकली नाहीस.” तिने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. दोघींपैकी कुणाबरोबर घरी जायचंय हे तिला ठाऊक होतं.

त्यानंतर ती वर्गाला आली नाही. फोन केला तर आई म्हणाली, “सध्या ब्रेक घेतोय.” मी कुणाकडे तक्रार करणार? आणि काय सांगणार, एका माणसाने मुलीचे गाल ओढले म्हणून? लोकांनी मलाच वेड्यात काढलं असतं. पण पोरांना ‘नको’ म्हणायला शिकवायचं आणि मग त्याच घरी परत पाठवायचं, ही मला शुद्ध फसवणूक वाटायला लागली. तरी मी दर शनिवारी जाते. दुसरं काही मला येत नाही.

गेल्या महिन्यात वर्ग आटोपून खाली आले, तर लॉबीत ती मुलगी आणि तिचे आईबाप पाहुण्याची वाट बघत उभे होते. मुलीला नवा फ्रॉक घातला होता. ती माझ्याकडे बघून हसली नाही. तेवढ्यात गाडीतून बापाचे साहेब उतरले, आत आले आणि मोठ्याने म्हणाले, “अरे, हमारी कराटेवाली कैसी है?” आईबाप हसले.

साहेबांनी हात पुढे करायच्या आधीच मुलीने एक पाऊल टाकलं, मान वर केली आणि गाल पुढे केला.