छापलं नव्हतं ते वाक्य

मंजुळाबाई कल्याणच्या एका शाळेत आठवी-नववीला मराठी शिकवतात आणि त्याच वयाच्या मुलांसाठी कादंबऱ्या लिहितात. आतापर्यंत पाच झाल्या. प्रत्येकीचं हस्तलिखित आधी एकाच माणसाच्या हाती जायचं, शेजारच्या वर्गाच्या रुपालीबाईंच्या. अठरा वर्षांची मैत्री. दोघींचा डबासुद्धा एकत्रच उघडायचा.

पाचव्या कादंबरीत मंजुळाबाईंनी स्वतःचंच जुनं दुखणं लिहिलं. खडवलीची एक मुलगी. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना बाई भर वर्गात तिला मोठ्यानं जात विचारतात, आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं शाळेत पाऊल पडत नाही. वाचून रुपालीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एक अक्षर बदलू नकोस गं."

तरी मंजुळाबाईंनी एक वाक्य गाळलंच: 'अशा बाई आमच्या स्टाफरूममध्ये अजून बसतात.' उगाच कुणाला लागायला नको, म्हणून.

पुस्तक आलं, मुलांनी हातोहात वाचलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर संस्थेच्या चिटणीसांनी त्यांना बोलावलं. शाळेच्या बदनामीची निनावी तक्रार आली होती. चिटणीस ती वाचून दाखवत होते आणि मध्येच ते वाक्य आलं. जसंच्या तसं.

पुढचं मंजुळाबाईंना ऐकूच आलं नाही. ते वाक्य पुस्तकात नव्हतं. ते फक्त एकीनं वाचलं होतं.

मधल्या सुट्टीत त्या रुपालीबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "तूच ना?"

रुपालीबाईंनी वहीवरून मान वर केली नाही. "मुख्याध्यापिकेची जागा रिकामी होतेय, मंजू. सीनिऑरिटीत तू माझ्या वर आहेस. मी काय करायचं होतं?"

"रडली होतीस तू वाचताना."

"ते खरंच होतं गं."

त्या उत्तरानं मंजुळाबाई जास्त मोडल्या. नाटक केलं असतं, तर निदान मनातून झटकून टाकता आलं असतं.

त्यांना लेखी खुलासा द्यावा लागला. पुस्तक शाळेच्या कपाटातून गेलं. "कोर्टात जा, ताई," भाऊ देवराम म्हणत राहिला. पण ज्या बाईनं आईच्या आजारपणात दवाखान्यात आपल्याबरोबर बसून दिवस काढले, तिच्याविरुद्ध उभं राहायला त्यांचं मन धजेना.

जूनमध्ये रुपालीबाई मुख्याध्यापिका झाल्या. पहिल्याच आठवड्यात वेळापत्रकावर सही घ्यायला मंजुळाबाई केबिनमध्ये गेल्या.

"नवीन काही लिहितेस की नाही?" रुपालीबाईंनी हळूच विचारलं.

"नाही, मॅडम," मंजुळाबाई म्हणाल्या. पर्समध्ये सहाव्या कादंबरीची चाळीस पानं होती.