वैर थंड पडू नये म्हणून

माझा नवरा अमेरिकेत शिकला आणि येताना एक पदवी आणि कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघावरचं प्रेम घेऊन आला, तो चेंडू हातात घेऊन धावायचा फुटबॉल. पदवीचा विषय आता घरात निघत नाही. संघ मात्र सिंगापुरात पुंगोलच्या आमच्या फ्लॅटमध्ये दर शनिवारी दुपारी टीव्हीवर खेळतो, कारण त्या खेळाचा व्हिडिओ गेम आहे. आपण एका संघाचे कोच व्हायचं आणि हंगामामागून हंगाम तो चालवायचा.

गेमने त्याला एक कट्टर वैरी नेमून दिला होता, शेजारच्या राज्यातलं विद्यापीठ. त्यांच्याशी सामना आला की बँड, झेंडे, समालोचकांचे गंभीर आवाज. आणि नवरा त्यांना दर हंगामात सहज लोळवायचा. मी कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हटलं, की यांच्याशी कसलं वैर, यांना तर जेवायला बोलवावंसं वाटतं.

उलट वाळवंटातल्या कुठल्याशा लहान कॉलेजने त्याला लागोपाठ तीन हंगाम अगदी शेवटच्या क्षणी हरवलं होतं. त्यांचं नाव काढलं तरी त्याचा चेहरा पडायचा. पण गेमच्या लेखी ते कुणीच नव्हते. वैरी कोण ते आधीच ठरलेलं असतं, मागाहून बदलत नाही, असं त्याने मला समजावलं.

"म्हणजे जो छळतो त्याच्यावर राग धरायची सोयच नाही?" मी विचारलं.

तो सॉफ्टवेअरवाला, त्याला हे फारच लागलं. संध्याकाळपर्यंत त्याने आमच्या घरापुरते वैर मोजायचे नियम केले. थोडक्यात हरलं की वैर वाढणार, आपल्याकडे येऊ घातलेला खेळाडू पळवला तर आणखी वाढणार, एकतर्फी सामने झाले की थंड पडत जाणार. वाळवंटातला संघ मी घेतला. एक चपळ गडी हेरायचा आणि चेंडू सारखा त्याच्याच हातात द्यायचा, एवढीच माझी युक्ती. पहिल्याच हंगामात मी जिंकले. नंतर हॉकर सेंटरला, खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, जेवायला गेलो, तर नवरा वाटभर शेवटचा डावच उगाळत होता. मला फार बरं वाटलं.

पण कॉलेजचीच मुलं ती. माझा गडी पदवी घेऊन निघून गेला आणि मी सपाटून हरत सुटले. नियमाप्रमाणे वैर उतरणीला लागलं. मी खेळता खेळता फोन बघायला लागले.

मग एका शनिवारी मी अचानक जिंकले. त्याचा खेळाडू मोकळ्या मैदानात धावत होता, समोर माझं कुणीच नव्हतं, आणि तो आपण होऊन रेषेबाहेर गेला, म्हणजे डाव तिथेच थांबला. तेवढा खेळ मला एव्हाना कळत होता.

"मुद्दाम हरलास?"

बटण चुकलं, असं तो टीव्हीकडे बघत पुटपुटला. मग म्हणाला, "तू फोन बघायला लागली होतीस."

यावर विरघळावं की चिडावं ते मला ठरवता येईना. शेवटी मी चिडले. तो वन-नॉर्थला ऑफिसात गेला की घरी बसून सराव करू लागले, नवा गडी शोधला, लांब पास शिकले. गेल्या शनिवारी त्याने जीव तोडून खेळूनही मी त्याला हरवलं. आता त्याचं म्हणणं आहे की नियमांत थोडी सुधारणा हवी.