अमावस्येचा स्लॅब

या सहलीची सुरुवात संशयातून झाली, हे आधीच कबूल करते. मी हडपसरच्या एका आयटी पार्कमध्ये टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते. माहेर कर्वेनगरचं असल्यामुळे त्याचं शिक्षण घरातच झालं होतं. मेच्या मध्यावर माझी गळकी गच्ची अर्धी उकरून ठेवून गजानन मिस्त्री म्हणाले, "मॅडम, तीन दिवस गावाले जाऊन येतो. अमावशेले पुलाचा स्लॅब टाकाचा हाये."

आता, अमावस्येला मिस्त्री कामाला हात लावत नाही हे पुण्यातलं शेंबडं पोरही सांगेल. त्या दिवशी साइट बंद असतात. "मिस्त्री, थाप मारायची तर जरा अभ्यास करून मारा," मी म्हटलं.

"खोटं वाटत असन तं चाला संग."

पाऊस तोंडावर, गच्ची उघडी आणि माझा स्वभाव हा असा. मी रजा टाकली. "गच्चीपायी माणूस कुठवर जातो!" एवढंच नवरा म्हणाला.

रविवारी पहाटे साडेपाचला गाडीतळावरून आमची क्रूझर निघाली. माणशी चारशे रुपये. तुम्हाला मिस्त्रींच्या गावी, सावरटेकला, जायचं असेल तर शिवाजीनगरहून कारंज्याची एसटी धरा, पुढे काळीपिवळी मिळते. गाडीत मिस्त्रींच्या गँगमधले नऊ जण होते आणि त्याच गँगमध्ये घमेली वाहणाऱ्या त्यांच्या पत्नी, लताबाई. मी बसते त्या इमारतीचा सहावा मजला याच लोकांनी ओतलाय, हे मला नगरच्या मिसळीवर कळलं. चार वर्षं त्या मजल्यावर चहा पितेय, कधी विचारलं नव्हतं.

जालन्यापुढे ढाब्यावर शेवभाजी आली आणि पुलाची हकिगतही. सावरटेकची तीसेक माणसं पुण्यात आणि चाकणला कामाला आहेत. प्रत्येक जण महिन्याची एक हजेरी, म्हणजे एका दिवसाची मजुरी, गावासाठी काढतो. त्यातून आधी शाळेची पाण्याची टाकी झाली, मग मुलींचं स्वच्छतागृह. आता नाल्यावरचा पूल. भिंती दिवाळीत बांधून झाल्या होत्या, सळया बांधायला दोघं पुढे गेले होते, राहिला होता तो स्लॅब. आमच्या सोसायटीत एका बाकड्यासाठी तीन सभा झाल्या आणि शेवटी देणाऱ्याच्या नावाची संगमरवरी पाटी बाकड्याहून महाग पडली, ते मी त्यांना सांगितलं नाही.

"पण अमावस्येलाच का?"

"सगळ्यायले एका टायमाले सुट्टी दुसऱ्या कोनत्या दिवशी भेटते, सांगा बरं?" मिस्त्री म्हणाले. "अन् यंदा झालाच पायजे. आमची प्राजक्ता सातवी पास झाली. आठवीची शाळा नाल्यापल्याड हाये. मागच्या पावसात दोन पोरींची शाळा तशीच सुटली. माह्या मायजवळ रायते ते, अन् मायनं सांगून ठेवलं, पूल नाही तं शाळा नाही."

"तिला पुण्यात का नाही आणत?"

उत्तर लताबाईंनी दिलं. "आमी दोघंबी कामावर. पत्र्याच्या खोलीत पोरीले कोनाच्या भरोशावर ठेवू?"

मेहकर, मालेगाव, शेलू बाजार करत दिवस मावळताना पोचलो. रस्ता कारंज्यापर्यंत बरा, पुढचे बारा किलोमीटर पाठीचे मणके मोजायला उत्तम. गावात लॉज नाही. मिस्त्रींच्या घरी भाकरी, पिठलं आणि ठेचा मिळाला. प्राजक्ताने मला तिच्या नव्या वह्यांची चळत दाखवली. कव्हरं घालून, नावं लिहून तयार होती. इयत्ता आठवी.

सकाळी सहाला नाल्यावर गेलो तर मिक्सर उभा, खडी-वाळूचे ढीग तयार, आणि सेंट्रिंगवर बांधलेल्या सळयांच्या जाळीवर मधोमध मिस्त्रींच्या आई, मनकर्णाबाई, मांडी घालून बसलेल्या.

"अवसेले इथं एक घमेलं पडू देनार नाही म्या," त्या म्हणाल्या. "अवसेले खांदलेल्या विहिरीत आमचा मानूस गेला. याच्यावरून माही नात जाईन ना?"

मला वाटलं होतं तसा तो नुसता हट्ट नव्हता. बाई घाबरली होती. पण उद्या गँगला पुण्याला परत निघायचं होतं आणि पुढच्या अमावस्येपर्यंत नाल्याला पाणी आलं असतं. मिस्त्री खाली मान घालून उभे राहिले. आईपुढे त्यांचं काही चालेना. बाकीचेही मागे सरकले, कारण खरं तर धाकधूक सगळ्यांनाच होती. प्राजक्ता काठावर उभी राहून आळीपाळीने आजीकडे आणि बापाकडे बघत होती.

लताबाईंनी पदर खोचला आणि सासूसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "आत्या, अवस मिस्त्र्यायची असते. बायांले कोन्या अवसेले सुट्टी भेटते? सैपाक बंद रायते? पानी भरनं बंद रायते? मंग पयलं घमेलं बाया टाकतीन."

म्हातारीने सुनेकडे एकदा बघितलं. मग गुडघ्यावर हात टेकत उठली. "मंग माह्या हातानं पडू दे. काही झालं तं माह्यावर येऊ दे."

अर्धं भरलेलं घमेलं दोघींनी मिळून ओतलं आणि मिक्सर सुरू झाला. सुरू झालेला स्लॅब मध्येच थांबवता येत नाही. सांध्यात तो कच्चा राहतो. त्यामुळे पाणी प्यायचं तेही उभ्याउभ्या, पाळीपाळीने. गावातल्या बाया रांगेत आल्या, मीही उभी राहिले. दहाला तळहाताला फोड आले, अकराला फुटले. ऊन असं की डोकं चालेना, हात मात्र चालत होते. पावणेदोनला मिस्त्रींनी शेवटची पट्टी फिरवली तेव्हा मी चक्क रडले. मला अभिमान वाटत होता आणि लाजही वाटत होती.

संध्याकाळी गोवरीच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. तूप हात आखडता न घेता. या एका जेवणासाठीसुद्धा तेरा तासांचा प्रवास करावा. स्लॅबवर मातीची आळी करून एकवीस दिवस पाणी साठवायचं काम प्राजक्ताने मागून घेतलं आणि लगेच चार मैत्रिणींच्या पाळ्याही लावल्या.

मंगळवारी परत. बुधवारी मिस्त्री गच्चीवर हजर. गच्ची आता गळत नाही, पण त्या पुलापुढे गच्चीची गोष्ट मी कोणाला फार सांगत नाही.

जुलैत एका दुपारी ऑफिसशेजारच्या साइटवर मिस्त्री डबा खाताना दिसले. मोबाइल कानाला होता. मला बघताच त्यांनी तो माझ्या हातात दिला. पलीकडे प्राजक्ता सकाळच्या शाळेतून परतताना पुलावर थांबली होती आणि तिने फोन कठड्याबाहेर धरला होता. पाण्याचा प्रचंड आवाज येत होता.

"आयकलं?" मिस्त्री म्हणाले. "पुलाखालून पानी वायताना मी नाही पाह्यलं अजून. दिवाईले जातो तवा नाला आटलेला रायते."

मी फोन परत दिला. त्यांनी तो पुन्हा कानाला लावला आणि जेवणाची सुट्टी संपेपर्यंत ते तसेच बसून राहिले.