जाऊबाईंचा लसूण

चांगल्या संधीची माती कशी करावी हे कुणाला शिकायचं असेल, तर त्याने माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे शिकवणी लावावी. इतक्या निष्ठेने आणि इतक्या आनंदाने हे काम करणारं दुसरं माणूस सबंध मिशिगन राज्यात सापडणार नाही. मी नोव्हायच्या एका कारखान्यात नोकरी करते. मोटारींचे सुटे भाग ठरल्या वेळी ठरल्या जागी पोचतात की नाही हे बघणं माझं काम, आणि घरातही माझी तीच रीत. फ्रिजवर एक यादी, पर्समध्ये एक, गाडीत एक. अशा बाईच्या वाट्याला देवाने अशी जाऊ दिली, की जी दूध आणायला जाते आणि शेजारणीच्या पडद्यांची मापं घेऊन येते. विजेच्या शेगडीवर स्वैपाक करून त्यांना पंचवीस वर्षं झाली, तरी घराबाहेर पडताना गॅस बंद केला का बघायला त्या परत आत जातात आणि तिथेच कुणाला तरी फोन लावून बसतात. कुणी ‘हाउ आर यू’ म्हटलं, तर त्या खरोखर सांगतात. त्यांच्या डाव्या गुडघ्याची हकिकत आमच्या बँकेतल्या मुलीला तोंडपाठ आहे. त्या मूळच्या अमरावतीच्या, मी पुण्याची. मी घड्याळ दाखवलं की म्हणतात, ‘अगं, घड्याळ कुठं पळून राहिलं बाप्पा? तूच पळून राहिली.’

आमचे भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, होते तोवर जाऊबाईंनी त्यांचं नाव कधी घेतलं नाही. बँकेत, दवाखान्यात कुणी नवऱ्याचं नाव विचारलं की मला पुढे ढकलायच्या, ‘तू सांग.’ मी तिथे नसले तर पाकिटातून त्यांचं लायसन्स काढून दाखवायच्या. स्वतः त्यांना म्हणायच्या ‘अहो’. अहो काय, आपण पोस्टमनलाही म्हणतो. पण हा अहो वेगळा होता. पहिलं अक्षर लांबवलेलं आणि दुसरं जिन्यावरून हलकेच सोडून दिलेलं. आ...हो. भाऊजी तळघरात सुतारकाम करत बसलेले असायचे. तिथून उत्तर यायचं, ‘बोला.’ तक्रार असो, चहा असो, नाहीतर काहीच नसो. एरवी बायकोला ‘तू’ म्हणणारा हा माणूस एवढ्या एका शब्दापुरता तिला मान द्यायचा. शेजारचे म्हातारे गृहस्थ फिनलंडहून आलेल्या घराण्यातले. त्या लोकांत ‘अहो’ हे आडनाव असतं आणि मिशिगनमध्ये ते पुष्कळ आहेत. वर्षानुवर्षं ही हाक कुंपणापलीकडून ऐकून त्यांनी ठरवूनच टाकलं होतं, की हा सावळा माणूस कुठून तरी आपल्यातलाच आहे. एकदा त्यांनी विचारलंसुद्धा, ‘मिस्टर अहो, तुमची माणसं मूळ कुठल्या गावची?’ भाऊजी म्हणाले, ‘वाईची.’ म्हातारे मान हलवत म्हणाले, ‘म्हणजे उत्तरेकडची.’ दोन हजार पाच साली भाऊजी अचानक गेले, तेव्हा त्यांचं सांत्वनाचं कार्ड आलं ते ‘मिसेस अहो’ या नावाने. जाऊबाई ते वाचून खूप हसल्या आणि मग खूप रडल्या.

तेराव्यानंतर त्यांनी लसूण सोडला. गेलेल्या माणसाच्या आवडीची एक वस्तू सोडायची म्हणून. भाऊजींना लसणाची चटणी जीव की प्राण होती. मला हेही पटलं नव्हतं. लसणाने रक्तदाब ताब्यात राहतो. पण सांगणार कुणाला?

जाऊबाई शेजारच्या गावातल्या एका शाळेत मुलांना जेवण वाढायच्या. अर्धवेळ नोकरी. तिथल्या मुख्याध्यापिका एक दिवस त्यांना म्हणाल्या, शाळेत स्पॅनिश बोलणारी मुलं वाढली आहेत. कम्युनिटी कॉलेजचा स्पॅनिशचा कोर्स परदेशातल्या सत्रासकट पास व्हा, तुम्हाला वर्गात मदतनीस म्हणून पूर्णवेळ घेते. पूर्णवेळ म्हणजे पगार, विमा आणि राहतं घर हातात राहणं. नाहीतर तिकडे पश्चिम किनाऱ्यावर रेडमंडला राहणारा त्यांचा मुलगा तयारच होता. फोनवर फोन. ‘आई, घर विकून टाक आणि इकडे ये. या वयात स्पॅनिश? व्हाय? इथे बाळाला तुझी कंपनी होईल.’ मुलगा वाईट नाही. पण आईच्या घराचं काय करायचं ते त्याने आईला न विचारता ठरवलं, याचा मला आला तेवढा राग जाऊबाईंना आला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, ‘त्याच्याकडे मला खोली मिळेल गं. चावी नाही मिळणार.’

मग मी कंबर कसली. मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक काका सगळ्यांदेखत म्हणाले, ‘काय वहिनी, या वयात स्टडी अब्रॉड? मग स्प्रिंग ब्रेकला बीचवर का?’ सगळे हसले. जाऊबाईही हसल्या आणि त्यांना तिळगूळ देऊन पुढे गेल्या. मी पुढे जाणाऱ्यांतली नाही. म्हटलं, ‘काका, तुम्हाला इथे येऊन तीस वर्षं झाली आणि शेजाऱ्याचं नाव सांगता येत नाही. तुमचंही स्टडी अब्रॉडच चाललंय. फक्त पास व्हायचं राहिलंय.’ त्यानंतर त्या घरचं बोलावणं आम्हाला आलेलं नाही. बरंच झालं.

पण मी ज्यांच्यासाठी भांडत होते त्या काय करत होत्या? त्यांचं ठाम मत होतं, की स्पॅनिश म्हणजे सर्दी झालेली मराठी. साबणाला ते जवळजवळ साबणच म्हणतात, पगार म्हणजे पैसे देणं, मग शिकायचं काय उरलं? वर्गात सगळ्यांनी एकेक पदार्थ सांगायचा होता, तर यांनी बटाट्याची भाजी सांगितली. बाई होत्या पोर्तो रिकोच्या. त्यांच्या भाषेत ‘बताता’ म्हणजे रताळं. बाईंनी चूक दुरुस्त केली, तर जाऊबाई म्हणाल्या, ‘मॅडम, तुम्ही कुठेतरी गोंधळून राहिल्या.’ सगळ्यात आवडलेला शब्द चावीचा. चावीला तिकडे ‘यावे’ म्हणतात. कॉलेजच्या पार्किंगमधूनच त्यांनी मला फोन केला. मी मीटिंगमध्ये होते. ‘अगं, चावीला यावे म्हणतात! कुलपात चावी घातली की घर म्हणतं, यावे! केवढी घरंदाज भाषा आहे!’ क्रियापदं? क्रियापदांना त्यांनी हात लावला नव्हता.

दोन हजार सातच्या जानेवारीच्या शेवटी त्या कोस्टा रिकाला गेल्या. राजधानीजवळच्या गावात एका विधवा बाईंच्या घरी राहायचं, सकाळी वर्ग, एप्रिलअखेर परीक्षा. मी दोन रविवार घालवून परदेशातल्या शिक्षणाचा पुरेपूर उपयोग कसा करावा याची यादी करून दिली. आपल्या माणसांत बसू नये. मराठी बोलू नये. घरी फोन करू नये. शनिवार-रविवारी देश बघावा. रोज एका अनोळखी माणसाशी बोलावं. लाज सोडावी. त्यांनी ती वाचली, ‘किती छान अक्षर आहे तुझं,’ म्हणाल्या, आणि कैरीच्या लोणच्याची बरणी तिच्यात गुंडाळून बॅगेत ठेवली.

दर रविवारी फोन. कॉलिंग कार्ड संपेपर्यंत. ‘वहिनी, फोन करायचा नाही असं ठरलं होतं ना?’

‘हो गं, पण तू एकटी असशील म्हणून केला.’

मी नवरा, दोन मुलं आणि कपड्यांचा ढीग यांच्या मधोमध उभी. एकटी!

‘ज्वालामुखी बघितलात का?’

‘इथून दिसतो. कपडे वाळत घालताना.’

‘घरमालकिणीशी स्पॅनिश बोलता का?’

‘ती स्पॅनिश बोलते, मी मराठी बोलते. काही अडत नाही. अगं, इथं सगळ्यांनाच अहो-जाहो करतात. नवरा बायकोला, आई पोराला. आमच्या बाई कुत्र्यालासुद्धा अहो-जाहो करतात. आणि दुकानात गेलं की म्हणतात, दीगामे. म्हणजे ‘बोला’. तेही मान देऊन.’

मी विचारलं, क्रियापदं? कार्ड संपलं.

मार्चमध्ये सहामाहीसारखी परीक्षा झाली. तोंडी बरी, लेखी नापास. आता एप्रिलमध्ये लेखी सुटली नाही तर कोर्स नाही, नोकरी नाही, घरावर ‘विकणे आहे’ची पाटी आणि रेडमंड. मी रजा टाकली, तिकीट काढलं आणि विमानात बसून क्रियापदांचे तक्ते रंगीत पेनांनी लिहिले. माझा राग ढगांच्या वर होता.

घरमालकीण बाई दारातच भेटल्या. ठेंगण्या, गोऱ्या, हाताला पीठ. त्यांनी मला आत नेलं ते थेट स्वैपाकघरात, आणि वर बोट दाखवलं. खिडकीच्या गजाला, खिळ्याला, कपाटाच्या कडीला, जिथे म्हणून काही अडकवता येतं तिथे लसूण टांगलेला. टोपलीत लसूण. फळीवर लसूण. बाई दोन्ही हात पसरून काहीतरी म्हणाल्या. भाषा येत नसूनही मला शब्दन् शब्द समजला, कारण गेली अनेक वर्षं मी तेच म्हणत आले आहे: या बाईचं काय करायचं?

‘वहिनी, हे काय?’

‘लसूण.’

‘ते दिसतंय. तुम्ही लसूण सोडलाय ना?’

‘सोडलाच आहे. खाते कुठं?’

‘मग आणता कशाला?’

‘शनिवारच्या बाजारात जाते ना मी. रिकाम्या हाती कसं यावं बाप्पा?’

मी तक्ते टेबलावर आपटले. म्हणाले, तिकडे तुमचं घर जायची वेळ आली आहे आणि तुम्ही इथे लसणाची वखार मांडून बसला आहात! त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, ‘जेवलीस का? विमानात काही देत नाहीत हल्ली.’

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी म्हटलं, आज बाजार बंद, आज क्रियापदं. त्या पिशवी घेऊन दारात उभ्या. ‘ये तूही. तिथं अनोळखी माणसाशी बोलते मी, तुझ्या यादीत आहे ते.’ माझी यादी माझ्यावरच उलटलेली पाहून मी चपला घातल्या.

बाजार रस्त्यावरच भरला होता. पपया, केळी, हिरव्या कोथिंबिरीचे भारे. जाऊबाईंच्या वर्गातली वीस-वीस वर्षांची पोरं समुद्रावर गेली होती, नेहमीसारखी, आपसांत इंग्रजी बोलायला. जाऊबाई मात्र दर पावलाला थांबत होत्या. पपईवालीने त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली. कुणाच्या तरी सुनेचं बाळंतपण झालं होतं, त्याबद्दल हातवारे झाले. जाऊबाईंच्या बोलण्यातली क्रियापदं सगळी चुकत असावीत, कारण लोक हसत होते. पण उत्तरंही देत होते. मी पाठोपाठ घड्याळ बघत चालले होते.

गल्लीच्या टोकाला कांदे-लसणाच्या ढिगाऱ्यामागे एक पन्नाशीचे गृहस्थ खाली वाकून पोती लावत होते. त्यांची फक्त पाठ दिसत होती. जाऊबाई तिथे थांबल्या. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. पदर नव्हता, तरी स्वेटरचं टोक खांद्यावर सारखं केलं. आणि हाक मारली,

‘आ...हो.’

पहिलं अक्षर लांबवलेलं. दुसरं जिन्यावरून सोडून दिलेलं.

गृहस्थ वर न बघता म्हणाले, ‘दीगामे.’

मग उठून वळले, तो हातात लसणाचा गड्डा. ‘आहो?’ त्यांनी तो उंचावून विचारलं, आणि स्पॅनिशमध्ये लसणाला काय म्हणतात ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं. जाऊबाईंनी मान डोलावली. पिशवी पुढे केली. दोघांत आणखी एक शब्द झाला नाही.

मला भयंकर राग आला. कशाचा ते यादी करून सांगता येणार नाही. परतीच्या वाटेवर जाऊबाई म्हणाल्या, ‘चल, ते तुझे तक्ते काढ. रंग छान दिलेत तू.’

त्या पास झाल्या. तोंडी परीक्षेत परीक्षकबाईंना ‘जेवलात का’ विचारून त्यांच्या आईच्या तब्येतीची हकिकत काढून घेतली, आणि लेखी परीक्षा कशीबशी काठावर. नोकरी मिळाली, घर राहिलं. मुलगा थोडे दिवस रुसला, आता उन्हाळ्यात बाळाला घेऊन येतो. वर्गातली मेक्सिकन पोरं त्यांची क्रियापदं दुरुस्त करतात आणि त्या पोरांना अहो-जाहो करतात. दार उघडताना स्वतःशीच ‘यावे’ म्हणतात. लसूण अजून खात नाहीत.

आमच्या नोव्हायच्या दुकानात लसूण जाळीच्या पिशव्यांत भरून ठेवलेला असतो. तिथे कुणाला काही मागावं लागत नाही. उचलायचा, गाडीत टाकायचा, पुढे जायचं. एकदा जाऊबाई त्या जाळ्यांसमोर बराच वेळ नुसत्या उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या. तेव्हापासून महिन्यातल्या एका शनिवारी मी त्यांना डेट्रॉइटच्या नैर्ऋत्येला एका मेक्सिकन दुकानात घेऊन जाते. जाण्यायेण्यात अर्धा दिवस मोडतो, रस्ता खराब, पार्किंग मिळत नाही, आणि माझ्या कामांच्या यादीत ही फेरी कुठेच बसत नाही. मी हे त्यांना दर वेळी वाटेत ऐकवते. त्या म्हणतात, ‘तू पळून राहिली म्हणून तुला लांब वाटतं.’

तिथे लसूण गल्ल्यामागे टांगलेला असतो, हाक मारून मागावा लागतो. मी आत जात नाही. गाडीतच बसते, इंजिन चालू ठेवून, रागाने. फक्त काच थोडी खाली करते.