आभाळामागचे हंस

आमच्या द्रावा नदीकाठच्या गावात चित्र काचेवर काढतात, तेही काचेच्या मागच्या बाजूने. म्हणून सगळा क्रम उलटा. आधी डोळा, मग डोकं, मग अंगण. आभाळ अगदी शेवटी. चौकटी मी करतो, त्यामुळे दर शनिवारी वेरोनाबाईंच्या वर्गात माझं बसणं असतं.

बाईंचा नेम एकच: मुलांच्या काचेला आपला कुंचला लावायचा नाही. लहानपणी त्यांच्या चित्रातला वाकडा घोडा मास्तरांनी स्वतः सरळ करून दिला होता. बक्षीस मिळालं, आईने चित्र स्वयंपाकघरात टांगलं. "लग्न होईपर्यंत त्या घोड्याकडे पाठ करून जेवले मी," बाई सांगायच्या.

सेंट मार्टिनच्या सणाला घरोघर हंस भाजतात आणि शाळेत मुलांची चित्रं मांडतात. सणाला आठ दिवस उरले होते. दहा वर्षांच्या यागित्साने महिनाभर घरी, कुणाला न दाखवता, अंगणातले सात हंस काढून आणले. पण पोरीने हौसेने आभाळच आधी रंगवलेलं, काठोकाठ; ते वाळल्यावर त्यावर हंस. काच उलटी केली तर समोरून नुसता निळा रंग. सण आला म्हणून हंस लपले, असं कुणीतरी म्हणालं आणि वर्ग हसला. यागित्सा रडली नाही. आता परत येणार नाही, एवढं म्हणून ती कोट घालायला लागली.

तेवढ्यात तिला न्यायला तिची आई कातालेना आली. सगळं ऐकून बाईंना म्हणाली, "तुमचा हात लागला तर तासाभरात होईल. कुणाला कळणार आहे?"

"तिला कळेल."

"तुमच्या नेमापायी माझी पोर रंग सोडेल, बाई."

बाईंचा चेहरा उतरला. ते खरंही होऊ शकत होतं. मग त्या यागित्साजवळ गेल्या. हंस कुठे आहेत, म्हणून विचारलं.

"आभाळामागे."

"म्हणजे आहेत. किती बाहेर काढायचे, ते तू ठरव."

रंग खरवडायची पाती तिच्यापुढे ठेवून बाई पाठमोऱ्या होऊन कुंचले धुवायला लागल्या. एकच कुंचला किती वेळ धूत होत्या.

एक बाही अंगात, एक लोंबतेय, अशी यागित्सा उभी राहिली. मग बसली. काचेच्या मागून, एका हंसासकट त्याखालचा निळा रंग खरवडून तिने हंसाच्या आकाराची खिडकी केली. पाती घसरून मान लांबली. तिने बाईंच्या पाठीकडे पाहिलं. पाठ वळली नाही. तिने मान तशीच राहू दिली, त्यात डोळा काढला, चोच काढली. बुधवारी ते वाळल्यावर, न बोलावता येऊन पांढरा रंग भरला.

सणाच्या दिवशी भिंतीवर काचभर आभाळ होतं आणि त्यातून मान काढून बघणारा एकच हंस. कातालेना त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. बाकीचे सहा कुठे गेले, असं तिने विचारलं, पण यागित्साचं तिकडे लक्ष नव्हतं. शनिवारपर्यंत याहून मोठी काच मिळेल का, ते ती मला विचारत होती.