हॉलिसनं तपासलेला चाकू

हॉलिस ब्रँडव्होल्डकडून चाकू घ्यायचा म्हणजे आधी त्याची उलटतपासणी सोसायची. गावात दुसरं दुकान नव्हतं, त्यामुळे सगळे सोसायचे. कुंपणाच्या तारा, गुरांची औषधं, खिळे, बूट, आणि कोपऱ्यात काचेचं एक कपाट. त्या कपाटामागे हॉलिस, पस्तीस वर्षं.

"काय कापणार?" हा पहिला प्रश्न. मग, "हातात मोजे असतात? दुसरा हात मोकळा असतो? मिटताना बघून मिटतोस की न बघता?" एखादा वैतागून म्हणाला, "अहो, साधा चाकू हवाय खिशात ठेवायला," की हॉलिस चष्म्यावरून त्याच्याकडे बघायचा. "साधा चाकू तुझ्या घरी लोण्याच्या ताटलीत आहे. तो घाल खिशात."

मी ओपल लिंडक्विस्ट. गावची ॲम्ब्युलन्स मी बावीस वर्षं चालवली आणि त्यातली एकोणीस वर्षं शेजारच्या सीटवर हा माणूस होता. आम्ही सगळे स्वयंसेवक. दुकानात असताना कमरेचा पेजर वाजला की हॉलिस ॲप्रन काढून काउंटरवर टाकायचा अन् पळत सुटायचा. गिऱ्हाईक गेलं उडत. हॉस्पिटल नव्वद मैलांवर, म्हणजे तिथपर्यंत जे काही करायचं ते आम्हीच. बोलायला महाकडू, पण सुकलेल्या म्हातारीची शीरही त्याला पहिल्या खेपेत सापडायची. मी त्याला तोंडावर शंभरदा गाढव म्हटलंय, आणि माझ्या आईच्या छातीत दुखलं तेव्हा त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

खटक्यावर, म्हणजे उघडलेलं पातं अडवून धरणाऱ्या कळीवर, तो तासन् तास बोलायचा. घडीच्या चाकूत पात्यापेक्षा खटका महत्त्वाचा, हे त्याचं ठाम मत. "पातं बोथट झालं तर काम अडेल. खटका सुटला तर बोटं जातील." पोती फोडायला, दोर कापायला तो पाठीच्या खटक्याचा चाकू द्यायचा. मुठीच्या पाठीवरची दांडी दाबल्याशिवाय त्याचं पातं हलत नाही. मिटायला दोन्ही हात लागतात, पण गुराख्याला कसली घाई? ड्युटीवरच्या माणसाचं वेगळं. त्याचा एक हात कायम कुणाला तरी धरून असतो, त्याला एका हातानं उघडणारा आणि एका हातानं मिटणारा हवा. आडव्या दांडीचा खटका हॉलिसला पटायचा नाही. आत केसासारख्या दोन स्प्रिंगा, त्यांच्यावर कोण भरवसा ठेवणार? म्हणून तो पट्टीचा खटका द्यायचा. मुठीच्या आत पोलादाची पातळ पट्टी असते. पातं उघडलं की ती सरकून पात्याच्या बुडाला टेकते आणि त्याला मिटू देत नाही. "एकच तुकडा," हॉलिस म्हणायचा. "बिघडायला आहे काय त्यात?"

काउंटरवर असा एक नमुन्याचा चाकू होता, काळ्या मुठीचा. गिऱ्हाइकाची खात्री पटवायला हॉलिस तो उघडून पात्याची बोथट पाठ लाकडी कडेवर दणकन आपटायचा. "मिटला? नाही ना?" आणि पुन्हा आपटायचा. आमच्याकडे सगळेच असं करतात. पोलीस चौकीत करतात, बियर पिता पिता करतात, नवा चाकू घेतला की शेजाऱ्याला करून दाखवतात. आपटून मिटला नाही तो चांगला. यात काही चुकत असेल असं माझ्याही कधी डोक्यात आलं नाही, उगाच खोटं कशाला बोलू?

मार्नी हॉव्हलँड शेरीफच्या पोलिसांत डेप्युटी झाली तेव्हा सप्टेंबर होता. मार्नी म्हणजे हॉलिसच्या जुन्या मित्राची पोर. बाप गेल्यावर हिला ट्रक चालवायला हॉलिसनं शिकवलं, आणि शिकवताना इतका ओरडला की ती दोनदा ट्रक रस्त्यात सोडून चालत घरी गेली. नवा गणवेश घालून ती दुकानात आली. मी काउंटरला टेकून कॉफी पीत उभी होते.

"मला ड्युटीसाठी चाकू हवाय, हॉलिस. आणि प्रश्न विचारायचे नाहीत."

"मोजे?"

"हॉलिस!"

"बरं बाई, बरं." त्यानं पट्टीच्या खटक्याचा नवा चाकू खोक्यातून काढला, उघडला, मिटला, जरा विचार केला आणि परत ठेवला. मग काउंटरवरचा नमुना उचलून तिच्यापुढे धरला. "हा घे."

"हा? हा तर जुना आहे. मला खोक्यातला द्या ना."

"खोक्यातल्याचं काय आहे हे मला ठाऊक नाही, तुलाही नाही. याला मी दोन वर्षं आपटतोय. हजारदा तरी. एकदाही सुटला नाही. माझ्या पोरीला कुठला देऊ, अनोळखी का तपासलेला?"

त्याला पोरबाळ नव्हतं. तो शब्द त्याच्या तोंडून निघाला आणि त्याचे कान लाल झाले. मार्नीनं चाकू घेऊन खिशाला अडकवला. हॉलिसनं पावती फाडली नव्या चाकूची, आणि खोक्यातला चाकू नमुना म्हणून काउंटरवर ठेवला. मी म्हटलं, "म्हाताऱ्या, रडतोस की काय?" तो म्हणाला, "कॉफी संपली असेल तर नीघ."

मे महिन्यात कालव्याला पाणी सोडतात. दुसऱ्याच आठवड्यात, दुपारी अडीचच्या सुमारास, डेल पिकेटचा ट्रक पुलाच्या कठड्यावरून कालव्यात गेला. डेल आमच्या शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, हॉलिसबरोबर दर रविवारी मासे पकडायला जाणारा. मार्नी जवळच होती, चार मिनिटांत पोहोचली. आम्हाला लागली अकरा.

आम्ही पोहोचलो तेव्हा मार्नी छातीइतक्या पाण्यात ट्रकच्या खिडकीशी होती. डाव्या हातानं तिनं डेलची हनुवटी वर धरली होती. उजवा हात पाण्याखाली, आणि भोवतीचं पाणी लाल. ट्रक हळूहळू कलत होता. हनुवटी तिनं धरली होती खरी, पण पाणी नाकाच्या वर गेलं होतं. "चाकू मिटला," ती ओरडत होती. "मिटला! सीटचा पट्टा अर्धाच कापला आणि हा मिटला!" हॉलिसनं आमच्या पेटीतल्या, पट्टे कापायच्या धारदार आकड्यानं तो दोन सेकंदांत कापला. डेलला काठावर घेऊन आम्ही चाळीस मिनिटं छाती दाबत बसलो. तो गेलेलाच होता. हे मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं, हॉलिसलाही. पण डेलची बायको आयलीन पुलावर येऊन उभी राहिली होती, तिच्यादेखत थांबायचं कसं?

मार्नीच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकवणाऱ्या कंडरा तुटल्या. शिवल्या, पण पहिलं बोट काही वाकेना. बंदुकीचा चाप ओढायचं बोट ते.

जूनच्या शेवटी चौकशी झाली, ग्रंथालयाच्या मोठ्या खोलीत. पंधरा-वीस माणसं. पहिल्या रांगेत आयलीन, काळा कोट घालून. मी आणि हॉलिस शेवटच्या रांगेत. कालव्याचं पाणी अडवून शेरीफनं चाकू शोधून काढला होता; तो टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीत होता.

राजधानीहून एक तज्ज्ञ आला होता. तरुण, मऊ आवाजाचा. त्यानं चाकूचा मोठा केलेला फोटो भिंतीवर दाखवला. "ही पट्टी बघा. नव्या चाकूत ती पात्याच्या बुडाला अलीकडच्या कडेशी टेकते. इथे सरकत सरकत पार पलीकडे गेली आहे. टोक गोल झालं आहे. पात्याची पाठ आपटत राहिलं की असं होतं. लोकांना वाटतं आपण खटका तपासतोय. प्रत्यक्षात प्रत्येक दणक्याला तो थोडा थोडा मोडत असतो. हात जरा पिळला की असा चाकू मिटणारच."

मी वळून हॉलिसकडे बघितलं. चेहरा पांढराफटक. त्याला आत्ता कळत होतं, माझ्याबरोबरच.

शेरीफनं मार्नीला विचारलं, "तू हा चाकू आपटत होतीस?"

"नाही. एकदाही नाही."

"पावती सप्टेंबरची आहे, नव्या चाकूची. आठ महिन्यांत इतकी झीज कशी झाली?"

मार्नीचा हात पट्टीत बांधलेला. ती हळूच मागे वळली आणि आमच्या रांगेकडे बघत राहिली. रागानं नाही. नुसती बघत होती.

मी हॉलिसच्या मांडीला चिमटा काढला, चांगला जोरात. "ऊठ," मी कुजबुजले. "ऊठ ना रे!" तो पुढे बघत होता, आयलीनच्या पाठीकडे. हात गुडघ्यांवर घट्ट धरलेले. मी परत चिमटा काढला नाही. मला तोंड होतं, मीही उठू शकत होते. मी स्वतःला सांगितलं की त्याची गोष्ट त्यानंच सांगायला हवी. शहाणपणाचा केवढा आव!

"हयगय," असा शब्द लिहिला त्यांनी. ड्युटीच्या साधनाची हयगय, आणि त्यामुळे एका माणसाला वाचवण्यात अपयश. मार्नीची नोकरी गेली. बाहेर पडताना आयलीन तिच्या समोरून गेली आणि तिनं मार्नीकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्या रात्री हॉलिस झोपला नसावा. सकाळी सातला माझ्या दारात उभा, दाढी न करता. "चल माझ्याबरोबर. एकट्याच्यानं होणार नाही."

मार्नी स्वयंपाकघरात डाव्या हातानं अंडं फोडायचा प्रयत्न करत होती. टरफलं सगळी तव्यात. तिनं आम्हाला बसा म्हटलं नाही. हॉलिस टोपी हातात घेऊन उभ्या उभ्याच बोलला. सगळं बोलला. नमुन्याचा चाकू, दोन वर्षं, हजार दणके, खोटी पावती. "मी मारलं डेलला. तुझा हात मी तोडला. मला वाटलं होतं, तुला सगळ्यात खात्रीचा देतोय." आणि हा माणूस, ज्याला एकोणीस वर्षांत मी एकदाही रडताना पाहिलं नव्हतं, तो टोपीत तोंड घालून हुंदके द्यायला लागला.

मार्नीनं गॅस बंद केला.

"मला हे माहीत आहे, हॉलिस. फोटो दिसल्या दिसल्या मला कळलं. तुम्हाला ठाऊक नव्हतं, हेही कळलं. त्याचा मला राग नाही."

"मग काल तू बोलली का नाहीस? माझं नाव का घेतलं नाहीस?"

"कारण मला वाटलं, तुम्ही उठाल." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "मी वळून बघितलं ते त्यासाठीच. आत्ता उठतील, आत्ता उठतील, म्हणून वाट बघत बसले. त्यांनी कागदावर सही करेपर्यंत."

"मी आत्ता जातो. शेरीफकडे जातो, आयलीनकडे जातो, सगळं लिहून देतो."

"जा की. ते तुमचं तुम्ही बघा. इथे मात्र परत येऊ नका."

हॉलिस गेला. जिन्यावर त्याची पावलं वाजली, मग ट्रकचं दार. मी तिथेच उभी होते. म्हटलं, पोरीजवळ कुणीतरी थांबायला हवं. तव्यातली टरफलं काढायला मी हात पुढे केला.

तिनं तवा बाजूला ओढला.

"मी चाकू घेतला तेव्हा तुम्ही काउंटरला टेकून कॉफी पीत होतात ना, ओपल?"

"हो," मी म्हटलं.

"आणि काल हॉलिसच्या शेजारी बसला होतात."

"हो."

तिनं माझ्यासाठी दार उघडून धरलं, डाव्या हातानं.