सासूबाई आणि नसलेला एक्का

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, माझ्या लग्नानंतर दोन वर्षांनी, सासूबाई आणि मी पत्त्यांच्या ब्रिजमध्ये जोडीदार झालो. “पहिल्याच डावाला भांडाल,” असं नवरा म्हणाला होता. त्यामुळे देवळाली कॅम्पातल्या बायकांच्या स्पर्धेचा कप आणून त्याच्या नाकासमोर टीव्हीवर ठेवायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

शेवटच्या डावापर्यंत आम्ही आघाडीवर होतो. त्यात मला पानं अशी आली की मी ती दोनदा मोजली. इस्पिकची लांबलचक रांग आणि दोन एक्के! सासूबाईंनीही बोलीत इस्पिकला जोर दिला. आता स्लॅम बोलायचा, म्हणजे तेरापैकी बारा हात जिंकायचे, तर चारांतले तीन एक्के तरी आपल्याकडे हवेत. ते जोडीदाराला विचारायची ठरलेली बोली म्हणजे ‘चार नो ट्रम्प’. एकही एक्का नसेल तर त्याने ‘पाच किलवर’ म्हणायचं, एक असेल तर ‘पाच चौकट’. मेथी निवडता निवडता महिनाभर मी हे त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं.

मी म्हणाले, “चार नो ट्रम्प.”

सासूबाईंनी पानांकडे पाहिलं, दोन्ही बाजूंच्या फौजी अधिकाऱ्यांच्या बायकांकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “पाच चौकट.”

मी निर्धास्तपणे सहा इस्पिक, म्हणजे स्लॅम, बोलले. डावीकडच्या बाईंनी बदामचा एक्का टाकला. डाव मी खेळायचा होता, म्हणून नियमाप्रमाणे सासूबाईंनी आपली पानं टेबलावर मांडली. राजे होते, राण्या होत्या, एक्का औषधालाही नव्हता. पाठोपाठ किलवरचा एक्का आला. दोन हात गेले, स्लॅम बुडाला आणि कपही गेला. पाच इस्पिकवर, म्हणजे अकरा हातांवर, थांबलो असतो तर जिंकलो असतो.

रिक्षात मी चिडून विचारलं, “आई, एकही नव्हता तर पाच किलवर का नाही म्हणालात? विसरलात का?”

“विसरते कशाला? घरातले तांदूळ संपले तरी आपण ‘संपले’ म्हणतो का? ‘वाढले’ म्हणतो. आणि लग्न होऊन आल्यापासून तू माझ्याकडे काही म्हणून मागितलं नव्हतंस. पहिल्यांदा मागितलंस, तेही परक्या बायकांसमोर. माझ्याकडे काही नाही, असं कोणत्या तोंडाने सांगू?”

मला भरून आलं. कपाचं दुःख होतंच, पण राग कुठल्या कुठे गेला. मागितलं की या नाही म्हणत नाहीत, एवढं मनाशी पक्कं करून मी घरी पोचल्या पोचल्या, बहिणीच्या लग्नात नेसायला, त्यांची येवल्याची जांभळी पैठणी मागितली.

“नाही,” त्या म्हणाल्या, आणि कपाटाची किल्ली कमरेला खोचून स्वयंपाकघरात गेल्या.